बजेट नाही म्हणण्याआधी

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा संपादक मंडळाचा निरोप तिसऱ्यांदा आला तेव्हा लिहायला बसलो. मार्च १९७५ ची आपली तुकडी ही दहावीच्या नव्या पद्धतीची पहिली तुकडी. जुनी अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावी आली आणि पहिला प्रयोग आपल्यावर झाला. त्याला आता पन्नास वर्षे झाली. शाळेचे मैदान, पाण्याची टाकी, पी.टी.च्या सरांची शिट्टी, मधल्या सुट्टीतली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी यांवर बाकीचे मित्र माझ्यापेक्षा चांगले लिहितील. मी नागरिकशास्त्राच्या एका तासाबद्दल लिहिणार आहे, आणि त्या तासाला अर्धवट राहिलेल्या एका चरित्राबद्दल.

घटक चाचणीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर थोडक्यात माहिती लिहा, असा प्रश्न आला होता. मी जन्म-मृत्यूच्या तारखा लिहिल्या, भारतीय राज्यघटनेचे शिल्पकार असे लिहिले आणि पूर्ण गुण मिळवले. पेपर वाटताना तिसऱ्या बाकावरचा आपला मित्र उभा राहिला. तो बुधवार पेठेतला. त्याने सरांना विचारले की घटना लिहिण्याच्या आधी बाबासाहेब दिल्लीत मंत्री होते असे माझे वडील सांगतात, तर ते कशाचे मंत्री होते? सरांनी उत्तराला सुरुवात केली तोच घंटा झाली. उद्या सांगतो म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी पुढचा धडा सुरू झाला. सरांचा यात दोष नाही. अभ्यासक्रम संपवायचा होता आणि त्या काळात या विषयाची पुस्तके सहज हाताशी नव्हती. पण प्रश्न राहिला तो राहिलाच.

आमच्या घराबद्दल थोडे सांगायला हवे, कारण पुढचे सगळे त्याच्याशी जोडलेले आहे. वडील गिरणीत सूतकताई खात्यात. आजीही तरुणपणी गिरणीत होती. आई मांडीवर सूप घेऊन घरीच विड्या वळायची. भोंग्यावर आमचे घर उठायचे आणि भोंग्यावर जेवायचे. मी पाचवीत असताना घरात वीज आली, तोपर्यंत कंदील. म्हणून असेल, दहावीनंतर मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला आणि वीज खात्यात लागलो. सगळी नोकरी खांब, तारा, रोहित्रे आणि खर्चाचे अंदाज यांत गेली.

चौदा एप्रिलची मिरवणूक आपण सगळ्यांनी पाहिली आहे. निळे झेंडे, हलग्या, पार्क चौकातली गर्दी. मी दरवर्षी रस्त्याच्या कडेला उभा राहून ती पाहायचो. सामील कधी झालो नाही. ती त्यांची मिरवणूक आहे, असे आमच्या घरात कोणी बोलून दाखवत नव्हते, पण सगळ्यांना तसे वाटत होते.

नोकरीतला एक प्रसंग सांगतो. १९८३ साल असेल. एका गावात गावठाणापर्यंत लाइन ओढायचे काम माझ्याकडे होते. शेवटचा खांब चावडीजवळ बसला. ओढ्यापलीकडे दलित वस्ती होती, चार-पाच खांबांचे अंतर. तिथले एक म्हातारे गृहस्थ आले आणि तार एवढी जवळ आली आहे, तर आणखी थोडी पुढे येईल का, असे हात जोडून विचारू लागले. मी त्यांना सांगितले की बजेट नाही. ते मान हलवून परत गेले. मी खोटे बोललो नव्हतो, मंजूर अंदाजपत्रकात ती वस्ती खरोखरच नव्हती. पण ते अंदाजपत्रक मोजमाप करून तयार केले होते मीच. ओढ्यापलीकडे फीत नेण्याचे मला सुचलेच नव्हते.

पुढे १९९४ मध्ये कामानिमित्त बिहारमध्ये दामोदर नदीच्या खोऱ्यात मैथनला जावे लागले. मैथन आता झारखंडात आहे. तिथले एक निवृत्तीला आलेले बंगाली अभियंते मला धरण दाखवत होते. मी महाराष्ट्राचा म्हटल्यावर त्यांनी सहज सांगितले की या योजनेची सुरुवातीची बोलणी तुमच्या डॉ. आंबेडकरांनी चालवली होती. मला वाटले त्यांची काही गफलत होत आहे. तसे मी बोलूनही दाखवले. ते फक्त हसले. परतीच्या गाडीत मला तिसरा बाक आणि ती घंटा आठवली.

सोलापूरला आल्यावर बुधवार पेठेत मित्राकडे गेलो. त्याने एक शब्द न बोलता कपाटातून तीन जाड खंड काढून दिले. महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे इंग्रजीत खंडशः छापली आहेत, त्यातले दुसरा, सहावा आणि दहावा. दुसऱ्यात मुंबई विधिमंडळातली भाषणे, सहाव्यात अर्थशास्त्राचे ग्रंथ, दहाव्यात १९४२ ते १९४६ या काळातले मजूर खात्याचे काम. नोकरीत असताना थोडे थोडे आणि निवृत्तीनंतर नीट, शब्दकोश शेजारी ठेवून, मी ते वाचले. सरांनी उद्या सांगतो म्हटलेले चरित्र मला असे सापडले. ते जसे समजले तसे इथे मांडतो.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महूच्या लष्करी छावणीतला. बालपण दापोली आणि साताऱ्यात गेले, पुढचे शिक्षण मुंबईत एल्फिन्स्टनमध्ये. १९१२ साली बी.ए. झाले. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. आपण त्यांना बॅरिस्टर आणि घटनापंडित म्हणून ओळखतो, पण त्यांचा पाया अर्थशास्त्राचा होता. एम.ए. अर्थशास्त्रात, कोलंबियाची पीएच.डी. अर्थशास्त्रात, लंडनची डी.एस्सी. अर्थशास्त्रात. १९१८ पासून काही काळ ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ १९२३ मध्ये लंडनला निघाला, आणि ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या वाढीवरचा १९२५ मध्ये. दुसऱ्या ग्रंथाला त्यांचे कोलंबियातले गुरू सेलिग्मन यांची प्रस्तावना आहे आणि तो सयाजीरावांना अर्पण केलेला आहे.

हा दुसरा ग्रंथ वाचताना मला आमचे जुने एकत्र कुटुंब आठवले. तिजोरीची किल्ली थोरल्या काकांकडे. धाकट्यांनी मिळवायचे, काकांच्या हातात द्यायचे आणि मुलाच्या वहीसाठीही मागायला जायचे. जो जास्त आरडाओरडा करील त्याला जास्त मिळायचे, आणि काटकसर करणाऱ्याला काटकसरीचा फायदा नाही. १८३३ च्या कायद्यानंतर हिंदुस्थानातल्या प्रांतांची अवस्था अशीच झाली होती. सगळा पैसा वरच्या सरकारचा, प्रांत नुसते खर्च करणारे. १८७१ पासून प्रांतांना ठरावीक रक्कम मिळू लागली. १८७७ पासून काही करांचे उत्पन्न नेमून दिले गेले. १८८२ पासून काही करांत वाटा मिळू लागला. बाबासाहेबांनी १९२१ पर्यंतच्या या तीनही टप्प्यांचा आकडेवारीसकट हिशेब मांडला. त्यांचा निष्कर्ष असा की यालाच स्वायत्तता म्हणणे चूक आहे. प्रांतांना मिळाले ते वरच्याच्या मर्जीने मिळाले, हक्काने नाही. आणि जे सरकार लोकांना जबाबदार नाही त्याच्या खर्चावर लोकांचा ताबा कधीच येणार नाही. केंद्र आणि राज्ये यांच्यात पैसा कसा वाटला जावा, हा आजही दर पाच वर्षांनी गाजणारा प्रश्न त्यांनी तिशीच्या आत हाती घेतला होता.

पुस्तकी विद्या सभागृहात न्यायची वेळ १९२७ मध्ये आली. सरकारने त्यांना मुंबई विधिमंडळावर नेमले. २४ फेब्रुवारी १९२७ रोजी ते अर्थसंकल्पावर बोलले. नेमलेल्या सभासदाने सरकारला सांभाळून घ्यावे अशी अपेक्षा असते, तसे काही झाले नाही. त्यांनी प्रांताच्या उत्पन्नाच्या दोन मोठ्या बाजू धरल्या, शेतसारा आणि दारूवरची अबकारी. शहरातल्या मिळवत्या माणसाला ठरावीक उत्पन्नापर्यंत प्राप्तिकर माफ असतो, पण शेतकऱ्याची जमीन कितीही छोटी असो, पीक येवो न येवो, सारा भरावाच लागतो. हा कुठला न्याय, असा त्यांचा सवाल होता. सांगोला-मंगळवेढ्याकडच्या आपल्या वर्गमित्रांना याचा अर्थ समजावून सांगायची गरज नाही. पाऊस न पडलेल्या वर्षी सारा भरण्यासाठी बैल विकल्याच्या गोष्टी त्यांच्या घरात आजोबांपासून चालत आल्या असतील.

या भाषणाला महिनाही झाला नव्हता तेव्हा, २० मार्च १९२७ रोजी, ते महाडला चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरत होते. आपल्याला तळे ठाऊक आहे, भाषण ठाऊक नाही. मला तरी आता ही दोन्ही कामे एकच वाटतात. सार्वजनिक तळे कोणाचे आणि सार्वजनिक तिजोरी कोणाची, हे दोन्ही ठिकाणी विचारले गेले.

पुढच्या वर्षी, जुलै १९२८ मध्ये, कारखान्यात काम करणाऱ्या बायकांना बाळंतपणाची पगारी सुट्टी देण्याचे विधेयक विधिमंडळात चर्चेला आले. गिरणीमालकांच्या बाजूने खर्चाचे तुणतुणे होतेच. बाबासाहेबांनी विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार मोठ्या प्रमाणात सरकारने उचलावा, पण बाईच्या कामाचा फायदा मालकही घेतो, तेव्हा त्यालाही हात झटकता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तो कायदा झाला.

इथे मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. आजी सांगायची की तिच्या पहिल्या दोन बाळंतपणांत सुट्टी हा शब्दच नव्हता. गेलो नाही तर खाडा, आणि खाडा म्हणजे पगार गेला. पहिले मूल तिने कामावरून घरी आल्या रात्री जन्माला घातले, आणि ते जगले नाही. ती हे रडून सांगत नसे, गव्हातले खडे निवडता निवडता सांगत असे. त्या गोष्टीला एक अर्थसंकल्पी बाजू असते आणि कोणीतरी सभागृहात उभे राहून ती मांडलेली असते, हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हते.

१९३६ मध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि १९३७ ची निवडणूक लढवून ते मुंबई विधानसभेत आले. आता ते नेमलेले नव्हते, निवडून आलेले होते. सप्टेंबर १९३७ मध्ये त्यांनी कोकणातली खोती मोडण्याचे विधेयक आणले. जानेवारी १९३८ च्या पहिल्या आठवड्यात ते आपल्या सोलापुरात होते. नगरपालिकेने त्यांना मानपत्र दिले आणि त्यांनी संसदीय लोकशाहीवर भाषण केले. विरोधी पक्ष जिवंत असला तरच लोकशाही जिवंत राहते, हा त्यांचा नेहमीचा आग्रह होता. इथून गेल्यावर लगेच १० जानेवारीला मुंबईत शेतकऱ्यांचा मोठा मोर्चा विधानसभेवर नेला.

त्या काळात बाळासाहेब खेरांचे काँग्रेस मंत्रिमंडळ होते आणि अर्थमंत्री होते अण्णासाहेब लठ्ठे. सरकारने दारूबंदी हाती घेतली होती. बाबासाहेब दारूचे मित्र नव्हते. पण अबकारीचे एवढे उत्पन्न एकदम सोडायचे, तर शिक्षण आणि सार्वजनिक आरोग्य यांना पैसा कुठून आणणार, हे त्यांनी अर्थसंकल्पाच्या चर्चेत विचारले. खेड्यात दवाखाना नाही, प्यायला चांगले पाणी नाही, शाळा नाही, मग पहिला क्रम कशाला द्यायचा? या मतावर त्या काळी खूप टीका झाली, आणि आजही सगळ्यांना ते पटेल असे नाही. माझ्या आईला तर मुळीच पटले नसते, कारण आमच्या वाड्यात दारूने दोन घरे बुडालेली तिने पाहिली होती. पण क्रम ठरवल्याशिवाय अंदाजपत्रक होत नाही, हे त्यांचे म्हणणे मला नाकारता येत नाही.

नोव्हेंबर १९३८ मध्ये त्यांच्या पक्षाचे नगरकडचे सभासद पी. जे. रोहम यांनी विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला. भाषण बाबासाहेबांनी तयार केलेले होते. वारंवारच्या बाळंतपणांनी बायकांची प्रकृती ढासळते, म्हणून सरकारने संततिनियमनाची साधने आणि माहिती लोकांना द्यावी, अशी मागणी होती. ठराव पडला. ज्या विषयाचे नाव चारचौघांत काढायला लोक लाजत, तो बायकांच्या आरोग्याचा प्रश्न म्हणून विधानसभेच्या पटलावर आला, ही गोष्ट मात्र नोंदली गेली.

आता मित्राच्या प्रश्नाचे उत्तर. जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सभासद झाले. आजच्या भाषेत केंद्रीय मंत्री. खात्याचे नाव मजूर, पण त्यात कामगारांबरोबर खाणी, सार्वजनिक बांधकाम, पाटबंधारे आणि वीज हेही विषय होते. ज्या खात्यात माझे आयुष्य गेले त्याची धोरणे ठरली ती याच टेबलावर.

ऑक्टोबर १९४३ मध्ये दिल्लीत युद्धोत्तर पुनर्रचनेच्या समितीपुढे ते विजेवर बोलले. वीज खासगी कंपन्यांच्या हाती असावी की सरकारच्या, आणि केंद्र व प्रांत यांच्यात जबाबदारी कशी वाटावी, हे प्रश्न त्यांनी मांडले. त्यांचे माप एकच होते. वीज स्वस्त पाहिजे आणि मुबलक पाहिजे, ती तशी कोण देऊ शकतो ते पाहा. त्यांचा स्वतःचा कल सरकारी मालकीकडे होता. पण वीज हवी कशासाठी, हे त्यांनी जास्त जोर देऊन सांगितले. १९१८ मध्येच त्यांनी लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला होता. जमिनीचे तुकडे होतात हे दुखण्याचे लक्षण आहे, खरे दुखणे म्हणजे शेतीवर पोटासाठी अवलंबून असलेली जादा माणसे. त्यांना कारखान्यात काम मिळाले पाहिजे. कारखान्यांना वीज पाहिजे. म्हणजे त्यांच्या दृष्टीने वीज ही दारिद्र्याच्या फेऱ्यातून बाहेर पडण्याची वाट होती. पंचवीस वर्षांपूर्वी कागदावर लिहिलेले निदान आणि हातात आलेले खाते यांची अशी गाठ पडली.

त्याच वर्षीच्या जुलैमध्ये दामोदर नदीला भयंकर पूर आला होता. बांध फुटला, रेल्वे आणि रस्ता तुटला. बंगालमध्ये आधीच दुष्काळाने माणसे मरत होती. पूर आला की बांध उंच करायचा, ही जुनी पद्धत. बाबासाहेबांच्या खात्याने वेगळी दिशा घेतली. पाणी जास्त झाले ही आपत्ती नाही, ते समुद्रात वाया जाऊ देणे ही आपत्ती, असा त्यामागचा विचार. धरणे बांधा, पूर अडवा, त्याच पाण्यावर शेती भिजवा, वीज काढा, जमल्यास होड्याही चालवा. अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्याचा नमुना समोर होता. तिथले अनुभवी अभियंते व्हूरदुइन यांच्याकडून प्राथमिक आराखडा करून घेतला गेला. नदी बिहार आणि बंगाल या दोन प्रांतांची, म्हणून ३ जानेवारी १९४५ आणि पुन्हा ऑगस्ट १९४५ मध्ये दोन्ही प्रांतांना एकत्र बसवले. नोव्हेंबर १९४५ मध्ये कटकला महानदीसाठी तशीच परिषद झाली, त्यातून पुढे हिराकुड उभे राहिले. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ निघाले, १९४५ मध्ये जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग. आजच्या केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे आणि केंद्रीय जल आयोगाचे हे पूर्वज. १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ झाले आणि राज्यांना वीज मंडळे देणारा कायदाही झाला. तोपर्यंत ते खाते काकासाहेब गाडगीळांकडे आले होते. हे सगळे एका माणसाने केले असे मी म्हणणार नाही. अभियंते होते, अधिकारी होते, आधीच्या समित्या होत्या. पण खात्याची सूत्रे त्यांच्या हातात होती आणि दिशा त्यांनी दिली.

आरोग्याचे कामही याच खात्यात चालले. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादला कोळशाच्या खाणीत स्वतः खाली उतरले, कामगारांची घरे पाहिली. जानेवारी १९४४ मध्ये कोळसा खाण कामगारांसाठी कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. खाणीत काम करणाऱ्या बायकांच्या बाळंतपणाच्या कायद्यात १९४३ आणि १९४५ मध्ये सुधारणा झाल्या. आजारी कामगाराला विमा मिळावा म्हणून प्रा. बी. पी. आदरकर यांनी तयार केलेला अहवाल ऑगस्ट १९४४ मध्ये आला. त्यावरून कायदा झाला १९४८ मध्ये, बाबासाहेबांनी ते खाते सोडल्यावर. आणि एप्रिल १९४६ मध्ये कारखान्यांतला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती मंजूर झाली.

माझ्या वडिलांच्या खिशात कामगार विम्याचे कार्ड असायचे. त्यांना दम्याचा त्रास होता, कापसाच्या धुळीचा. त्या कार्डावर औषध मिळायचे, रजेचा पगार मिळायचा. ते कार्ड त्यांनी देवघरातल्या पोथीत ठेवले होते. त्या पोथीशेजारी बाबासाहेबांचा फोटो कधी नव्हता. मी कोणाला दोष देत नाही. नुसते जे होते ते लिहितो.

एक गोष्ट मात्र झाकून ठेवणे बरोबर नाही. १९३७ पासून खाणीत बायकांनी खाली उतरून काम करण्यावर बंदी होती. युद्धात कोळसा कमी पडला म्हणून १९४३ मध्ये सरकारने ती उठवली, आणि फेब्रुवारी १९४४ मध्ये केंद्रीय विधिमंडळात त्यावर कडक टीका झाली. उत्तर द्यायला उभे राहावे लागले बाबासाहेबांना. ही अडचणीच्या काळातली तात्पुरती गोष्ट आहे, बायकांना पुरुषांइतकीच मजुरी दिली जाईल, असा त्यांचा बचाव होता. बंदी पुन्हा लागू झाली १ फेब्रुवारी १९४६ ला. आईच्या विश्रांतीसाठी १९२८ मध्ये बोललेला माणूस आणि हा बचाव करणारा माणूस एकच, हे वाचून मला त्रास झाला. मित्राला तसे म्हटले. तो म्हणाला की खुर्चीत बसलेल्याला विरोधी बाकाची चैन नसते, आणि बाबासाहेबांना देव करू नकोस, ते त्यांनाच आवडले नसते.

घटनेबद्दल आपण शाळेत शिकलो आहोत, म्हणून एवढेच सांगतो की तिच्या अर्थविषयक भागात त्या जुन्या प्रांतिक हिशेबाचे पडसाद मला दिसतात. कायद्याशिवाय कर नाही. केंद्र-राज्य वाटपासाठी कलम २८० प्रमाणे वित्त आयोग, म्हणजे वाटा मर्जीवर नाही, नियमाने. सरकारी खर्च तपासणाऱ्या नियंत्रक व महालेखापरीक्षकाला तर ते घटनेतल्या सर्वांत महत्त्वाच्या अधिकाऱ्यांत धरत. दवाखाने आणि आरोग्य राज्यांकडे, वीज दोघांकडे, आंतरराज्य नद्यांचे नियमन केंद्राच्या कक्षेत. अर्थात हेही अनेकांचे काम. अर्थविषयक तरतुदींसाठी नलिनी रंजन सरकार यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समितीही होती.

शेवटची वर्षे समाधानाची नव्हती. सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी कायदेमंत्रिपद सोडले. हिंदू कोड बिल हे कारण आपल्याला माहीत आहे. पण राजीनाम्याच्या निवेदनात आणखी एक सल होता. नियोजनाचे खाते निघाले की ते तुमच्याकडे देऊ, असे त्यांना सांगितले गेले होते, आणि ते मिळाले नाही. अर्थशास्त्राच्या एवढ्या पदव्या, वीज आणि पाण्याचा चार वर्षांचा अनुभव, आणि स्वतंत्र भारतात एकही आर्थिक खाते नाही. १९५२ मध्ये लोकसभेला पडले, राज्यसभेवर गेले. मे १९५२ मध्ये तिथे अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी लष्करावरच्या प्रचंड खर्चावर बोट ठेवले. तो कमी केल्याशिवाय लोकांच्या कामाला पैसा उरणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. १९२७ ते १९५२, पंचवीस वर्षे, सभागृहे बदलली, प्रश्न तोच राहिला. पैसा कोणाच्या खिशातून येतो आणि कोणाच्या दारात जातो? ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत ते गेले. मैथनच्या धरणाचे उद्घाटन त्यानंतरच्या वर्षी झाले.

मोठ्या धरणांनी उठलेली गावे आपल्याही जिल्ह्यात आहेत. उजनीच्या पाण्याखाली गाव गेलेले आपल्यातलेच काही जण हा लेख वाचतील, आणि मुबलक वीज-पाण्याचा हिशेब त्यांच्या गावाने भरला, हे मला आठवण करून देतील. ते खरे आहे. पैसा कोणाच्या खिशातून, हा प्रश्न धरणालाही लागू पडतोच.

ओढ्यापलीकडच्या त्या वस्तीत वीज गेली ती माझ्या उत्तरानंतर दुसऱ्या योजनेत, काही वर्षांनी. तोवर माझी बदली झाली होती. ते म्हातारे गृहस्थ तेव्हा होते की नव्हते, मी चौकशी केली नाही. हे खंड वाचल्यानंतर नोकरीच्या उरलेल्या वर्षांत मी एक नियम पाळला. कुठल्याही गावाचा अंदाज करताना फीत आधी शेवटच्या घरापाशी लावायची आणि तिथून उलटे मोजत यायचे. मंजुरी कधी मिळाली, कधी नाही. पण बजेट नाही हे उत्तर देण्याआधी ते बजेट कोणी, कुठून कुठपर्यंत मोजले, हे निदान कागदावर तरी येऊ लागले. आपल्यातले कितीतरी जण सरकारी कचेऱ्यांत, बँकांत, दवाखान्यांत, शाळांत काम करून निवृत्त झाले. आपल्या सगळ्यांच्याच तोंडी हे दोन शब्द कधी ना कधी आले असतील. आता मुले-सुना त्या खुर्च्यांवर आहेत. त्यांना हे सांगावे, एवढ्यासाठी लिहिले.

आपले सर आज ऐंशीच्या पुढे आहेत आणि मेळाव्याला येणार आहेत असे कळले. सर, तुमचे उद्या सांगतो राहिले होते, ते मी माझ्या परीने सांगितले. चुकले असेल तर दुरुस्त करा, गुण कापले तरी चालतील.

आणि तिसऱ्या बाकावरच्या मित्रा, तुझे दोन खंड परत केले आहेत. दहावा अजून माझ्याकडे आहे हे मला ठाऊक आहे, तू दर भेटीत आठवण करून देतोस. मेळाव्याच्या दिवशी घेऊन येतो. गेल्या चौदा एप्रिलला मी पार्क चौकात रस्त्याच्या कडेला नव्हतो, तुझ्याबरोबर मिरवणुकीत होतो. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा. उशीर झाला, पण तू काही बोलला नाहीस. पाण्याची बाटली पुढे केलीस आणि सावलीतून चालायला सांगितलेस.

(माजी विद्यार्थी, दहावी, मार्च १९७५)